पैनगंगेच्या दक्षिणेस : वाचनाचे एक वर्ष

वर्ष सरत आले की वाङ्मयीन नियतकालिकांतून सिंहावलोकनाचे लेख येऊ लागतात. सरत्या वर्षात कादंबऱ्या किती निघाल्या, कवितेने कोणते वळण घेतले, समीक्षेची प्रकृती कशी आहे, याचा हिशेब त्यांत मांडलेला असतो. हे लेख आम्ही आवडीने वाचतो. अध्यापनास त्यांचा उपयोगही होतो. परंतु त्यांतील वर्ष हे प्रकाशकाचे वर्ष असते. एकाच बारा महिन्यांत छापली गेली, एवढ्याच नात्याने पुस्तके तेथे एका पंगतीस बसतात. वाचकाचे वर्ष निराळ्या रीतीने चालते. त्यात १८९९ चे नाटक श्रावणात हाती येते, १९४६ च्या सुमारची कादंबरी दिवाळीत, आणि एका पुस्तकाने दुसऱ्यास हाक मारली म्हणून तिसरे शोधावे लागते. ग्रंथांचा हा परस्परसंवाद वार्षिक आढाव्यात येत नाही, आणि साहित्याचा खरा व्यवहार तर त्यातच होत असतो, अशी आमची समजूत आहे. म्हणून गेल्या वर्षीच्या आमच्या वाचनाचा हा वृत्तान्त, वैयक्तिक असूनही, विद्वज्जनांपुढे ठेवीत आहोत.

हे वाचन तामसी येथे झाले. गावाच्या नावावरून स्नेहीमंडळी विनोद करतात; गीतेने आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद सांगितले, वाचनाचे सांगितले नाहीत, एवढे आमचे भाग्य. तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातले गाव. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र आहे. निजामाच्या राज्यात हा सारा मुलूख एका जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. याचा वाङ्मयीन परिणाम असा की येथील मराठी कुटुंबात घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आजोबांच्या दस्तऐवजांची, म्हणजे उर्दू, तिसरी, आणि बाजाराच्या दिवशी कानांवर पडणारी गोंडी चौथी. पुस्तके नांदेडहून, नागपूरहून किंवा हैदराबादेहून कोणी येणारा असेल त्याच्या पिशवीतून येतात. निवड आमची असते. क्रम मात्र त्या पिशवीचा.

वर्षभरात एकतीस ग्रंथ वाचून झाले : तेवीस मराठी, पाच तेलुगू, तीन इंग्रजी. त्या सर्वांविषयी लिहिण्याचे कारण नाही. काही वाचली आणि विसरलो. ती बहुतेक नवी होती, यात नव्यांचा दोष असेलच असे नाही.

प्रारंभ बी. रघुनाथ यांच्यापासून झाला. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे परभणीस निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला, हे मराठीच्या अध्यापकांस सांगावयास नको. वाङ्मयेतिहासात त्यांची गणना ‘मराठवाड्याचे लेखक’ अशी होते आणि त्यांच्या भाषेतील उर्दू शब्दांस ‘प्रादेशिक रंग’ म्हटले जाते. या रंगाच्या कल्पनेवर आमचा आक्षेप आहे. रंग हा वरून दिला जातो, बी. रघुनाथांच्या गद्यातील उर्दू खालून येते. ती त्यांच्या पात्रांच्या पगाराची, रजेच्या अर्जाची आणि वरिष्ठांच्या शेऱ्याची भाषा आहे. ज्या भाषेत माणसाला हुकूम मिळतो त्या भाषेचे त्याच्या मनात काय होते, हा त्यांच्या लेखनातला एक मोठा आणि अलक्षित विषय आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकास ‘साकी’ किंवा ‘फकिराची कांबळी’ ही कथासंग्रहांची नावे रंगेल वाटत असतील. ज्यांच्या घरच्या जमिनीचे कागद आजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, त्यांना त्यांतला रंगेलपणा सहसा जाणवत नाही.

त्यांच्या ‘म्हणे लढाई संपली’ या कादंबरीच्या शीर्षकातील ‘म्हणे’ या एका शब्दावर आम्ही बराच वेळ थांबलो. हा शब्द मराठीचे खास धन आहे. तो वाक्यात आला की बोलणारा बातमीची जबाबदारी अंगावरून झटकतो. ऐकीव आहे, खरे-खोटे सांगणारा जाणे. जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठे युद्ध संपले, आणि संस्थानातल्या कारकुनाला ते कळले ते असे, ‘म्हणे’च्या अंतरावरून. धान्याचे भाव मात्र प्रत्यक्ष कळत होते. लेखकाचे सगळे राजकारण आणि सगळा उपरोध त्या दोन अक्षरांत आहे. मोठ्या नगरातील लेखकाला हे शीर्षक सुचले असते काय, याची आम्हांस शंका आहे. तेथे बातम्या ‘म्हणे’शिवाय येतात, निदान तेथील लोकांचा तसा समज असतो.

बी. रघुनाथांच्या पाठोपाठ सेतुमाधवराव पगडी यांचे वाचन झाले. पगडींची ख्याती इतिहासकार म्हणून आणि उर्दू काव्याचे मराठी वाचकांस परिचय करून देणारे म्हणून. त्यांचा ‘सूफी संप्रदाय’ अनेकांच्या संग्रही असतो. परंतु हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत काम केले, गोंडी भाषा आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले, हे कमी लोकांस ठाऊक असते. याच भूभागावर क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राज गोंडांविषयीचा आपला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कुमराम भीमू १९४० मध्ये जोडेघाट येथे मारले गेल्यानंतर निजाम सरकारास डोंगरातील असंतोषाची कारणे समजून घेण्याची निकड भासली, आणि या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास तेथे पाठविण्यात आले. मारलवाई येथे त्यांनी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उभारले. तेथे जी गोंडी क्रमिक पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत होती. पुढे १९५६ नंतर शाळेची भाषा तेलुगू झाली आणि ती देवनागरी पुस्तके मागे पडली. मराठीची लिपी येथे केवळ मराठी माणसांची नव्हती. काही वर्षे ती गोंड मुलांच्याही अक्षरओळखीची लिपी होती. आपल्या वाङ्मयेतिहासांत याची नोंद एका ओळीनेही का नसावी, हे कळत नाही. बहुधा त्या पुस्तकांतली भाषा मराठी नव्हती, म्हणून.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या विषयाकडे येतो. वर्षाच्या मध्यास देवलांची ‘शारदा’ पुन्हा वाचनात आली आणि तिच्यापाठोपाठ, तेलुगू शब्दकोश शेजारी ठेवून, गुरजाड अप्पाराव यांचे ‘कन्याशुल्कम्’ वाचले. दोन्ही नाटकांचा विषय एकच : पैशाच्या लोभाने लहान मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणे. दोन्हींचा काळही एकच. ‘कन्याशुल्कम्’ १८९२ मध्ये विजयनगरम् येथे रंगभूमीवर आले व १८९७ मध्ये छापले गेले. आज वाचले जाते ते १९०९ चे, पुष्कळ वाढविलेले रूप. ‘शारदा’ १८९९ ची. लेखकही समवयस्कच म्हणावेत असे : देवल १८५५ ते १९१६, गुरजाड १८६२ ते १९१५. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानण्यास आधार नाही. तरीही या दोन नाटकांचा एकत्र अभ्यास मराठी वर्गात होत नाही. तौलनिक अभ्यास म्हणून शारदेची नोराशी गाठ घालून देणारे निबंध आम्ही वाचले आहेत. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला; इंग्रजीकडे जाणारी वाट त्यांच्या पायाखालची होती. तेलुगूकडची वाट त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हांस मात्र ते आहे.

गुरजाडांच्या प्रस्तावनेत एक हिशेब आहे. विजयनगरम् संस्थानच्या महाराजांनी विशाखापट्टणम् जिल्ह्यातील ब्राह्मण कुटुंबांत तीन वर्षांत झालेल्या शुल्कविवाहांची यादी करविली. ती १०३४ विवाहांची निघाली. त्यांतील तीन मुली एक वर्षाच्या होत्या. असा आकडा ज्याच्यासमोर आहे त्या लेखकाने शोकनाट्य लिहावे, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. गुरजाडांनी प्रहसन लिहिले. अग्निहोत्रावधानुलू आपली धाकटी मुलगी सुब्बी म्हाताऱ्या, कवडीचुंबक लुब्धावधानुलूस विकावयास निघतो. मुलीचा मामा करटकशास्त्री आपल्या शिष्यास मुलीचा वेष देऊन तोच त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतो. या सगळ्या गुंत्याची दोरी असते मधुरवाणी या गणिकेच्या हाती. आणि सुधारणेचा, विधवाविवाहाचा, इंग्रजी विद्येचा घोष कोणाच्या मुखी, तर गिरीशम् नावाच्या एका अट्टल लफंग्याच्या. तो बुच्चम्मा या विधवेस पळवून नेतो तेसुद्धा सुधारणेच्या नावाने.

‘शारदे’त याच्या उलट आहे. तेथे सत्य बोलतो तो कोदंड. तरुण, सुशिक्षित, निष्कलंक. भुजंगनाथ हास्यास्पद आहे, भद्रेश्वर दीक्षित लबाड आहे, कांचनभट लोभी आहे. परंतु सुधारणेचा विचार ज्याच्या तोंडी घातला त्याच्याकडे पाहून हसावे असे देवलांनी काहीही ठेवले नाही. आम्हांस ही ‘शारदे’ची दुबळी बाजू वाटते. आणखीही एक आहे. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते अन्याय्य म्हणून मोडत नाही. वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून मोडते. म्हणजे शास्त्राने चालविलेली रूढी शास्त्राच्याच एका कलमाने अडते. म्हातारा भिन्न गोत्राचा असता तर? देवलांनी हा प्रश्न प्रेक्षकास विचारू दिला नाही, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत आमच्या नाट्यसमीक्षेनेही तो पुरेशा जोराने विचारलेला नाही. गुरजाडांच्या नाटकात शास्त्राचा आधार कोणी घेतच नाही. तेथे अन्यायाचा पराभव होतो तो कपटाने आणि हास्याने. नीतीच्या दृष्टीने हे अधिक बिकट आहे. समाजाच्या सज्जनांकडून काही होणार नाही, झाले तर ते गणिकेच्या चातुर्याने होईल, हा निष्कर्ष त्या हास्याच्या तळाशी आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की तेलुगू नाटकाचे नावीन्य पाहून आमचे डोळे दिपले. तसे नाही. ‘कन्याशुल्कम्’मध्ये जिच्यासाठी एवढा खटाटोप चालतो ती सुब्बी नाटकात नावापुरतीच आहे. तिला काय वाटते हे कोणी विचारीत नाही, नाटककारही विचारीत नाही. ‘शारदा’ हे नाटक त्या मुलीच्या नावाचे आहे. ती मैत्रिणींशी बोलते, आईशी बोलते, बापाच्या लोभाविषयी तिला काय वाटते ते तिच्याच तोंडून आपण ऐकतो, आणि मोडलेल्या लग्नाचा डाग घेऊन ती नदीकडे जाते तेव्हा कांचनभटाच्या व्यवहाराची पूर्ण किंमत आपणास कळते. इंदिराकाकूसारखी, सगळे समजणारी आणि काही करू न शकणारी आई गुरजाडांच्या नाटकात शोधूनही सापडणार नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी याच दशकातली, आणि ती तर अथपासून इतिपर्यंत यमूने सांगितलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दहा वर्षांत मराठीने मुलीला बोलते केले. तेलुगूने त्या मुलीला विकणाऱ्या-घेणाऱ्या जगाला बोलते केले, तेही ज्याच्या त्याच्या बोलीत, ग्रांथिक भाषेचा संकेत मोडून. यांतील एक गोष्ट दुसरीपेक्षा श्रेष्ठ, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एकीच्या शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय आपल्या नाटककाराने काय केले आणि काय केले नाही, हे दिसत नाही, एवढे निश्चित.

‘कन्याशुल्कम्’च्या शेवटी एक गोष्ट आहे, जी वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. सौजन्यराव या सच्छील वकिलाच्या हाती प्रकरण जाते आणि बुच्चम्मेची व्यवस्था ठरते : तिला पुण्याच्या विधवागृहात पाठवावयाचे. धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले होते आणि १९०० पासून आश्रम हिंगण्यास होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उल्लेखाचे वजन कळते. विजयनगरम्‌च्या नाटककारास आपल्या नायिकेसाठी जो आसरा दिसला तो मराठी मुलखात होता. उलट, यमूला पुण्यात आसरा मिळाला नाही; तिचे केशवपन शंकरमामंजींनी बळेच करविले. एकाच शहराची ही दोन चित्रे आहेत, एक आतून पाहिलेले आणि एक दुरून. दोन्ही खरी आहेत.

‘शारदा’ या नावावरून एक सांगण्यासारखे : १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणतात तो देवलांच्या नायिकेवरून, असे समजणारे विद्यार्थी आम्हांस अनेक भेटले. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. चूक गोड आहे. सुधारताना वाईट वाटते.

तेलुगू रंगभूमीविषयी वाचताना आणखी एक धागा हाती लागला. १८८० नंतरच्या काळात धारवाडची नाटकमंडळी आंध्रात प्रयोग करीत फिरली आणि तेथील नव्या रंगभूमीस त्यामुळे चालना मिळाली, असे तेलुगू नाट्येतिहासकार सांगतात. १८८५ पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या ‘सुरभी’ नाटकमंडळींतील कुटुंबे मूळची मराठी, आरे मराठी म्हणून ओळखली जाणारी. त्यांची नाटके तेलुगू. आमच्या नाट्येतिहासाच्या दृष्टीने भाषा बदलली की माणूस नाहीसा होतो.

हरिभाऊंच्या कादंबरीचा उल्लेख वर आला. ती या वर्षी आम्ही तेलुगूतही वाचली, म्हणजे निम्मी वाचली. भाषांतर पी. व्ही. नरसिंह राव यांचे. १९९१ मध्ये पंतप्रधान झाले तेच. ते साहित्य अकादेमीने प्रसिद्ध केले. नाव ‘अबला जीवितम्’. हे नाव आम्हांस पटले नाही. मूळ शीर्षक हा प्रश्न आहे. तो ‘पण’ने सुरू होतो, जणू आधी कोणीतरी काही बोलले आहे आणि त्यावर हा हताश प्रतिप्रश्न आला आहे. त्या ‘पण’मागे सबंध समाज उभा आहे. ‘अबला जीवितम्’ हे विधान आहे. ते दया मागते, उत्तर मागत नाही. शिवाय यमू अबला असेल, तिची लेखणी तशी नाही. भाषांतरकाराचा नाइलाज आम्ही समजू शकतो. मराठीतले ‘पण’ आणि ‘म्हणे’ यांसारखे शब्द सीमा ओलांडताना जकातीच्या नाक्यावरच राहतात. परंतु एका थोर भाषांतरकारानेही जे मागे ठेवले ते काय होते हे नेमके कळण्यासाठी तो ग्रंथ तेलुगूत वाचावा लागला. मराठीत चार वेळा वाचून त्या ‘पण’कडे आमचे लक्ष गेले नव्हते.

इतर वाचनाविषयी थोडक्यात. नरहर कुरुंदकरांची ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना पुन्हा वाचली. हैदराबादेस ना. गो. नांदापूरकरांच्या सहवासात त्यांची घडण झाली. प्राचीन ग्रंथाशी निर्भय सलगी करण्याची रीत त्यांनी तेथेच उचलली असावी. त्या प्रस्तावनेपुढे कादंबरी फिकी पडते, हे आमचे मत आम्ही बदललेले नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) पूर्ण केली. खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावास परततो तो प्रवास मोठा आहे. परंतु कोशकाराने कादंबरीकारास वारंवार गप्प बसविले आहे. ‘कोसला’मध्ये मनीच्या मृत्यूची जी थोडी पाने आहेत तितकी अपरिहार्य पाने या सहाशे पानांत आम्हांस थोडीच आढळली. जी. ए. कुलकर्णी धारवाडास राहून लिहीत होते याचे स्मरण ‘काजळमाया’ वाचताना पुनःपुन्हा झाले : त्या कथांतील गावे कोणत्या राज्यात आहेत हे विचारण्याची इच्छाच होत नाही. असे लिहिणे पुण्यात बसून जमले असते की नाही, याविषयी कोणी अभ्यासकाने लिहावे.

लीळाचरित्रातील एकांकही वर्षअखेरीस वाचला. चक्रधरांच्या आंध्रदेशातील भ्रमंतीच्या लीळा त्यात आहेत. त्यांकडे आजवर चरित्राच्या कालानुक्रमाचा प्रश्न म्हणूनच पाहिले गेले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ आपल्या नायकाला आरंभीच तेलुगू मुलखात हिंडवून आणतो, ही गोष्ट आमच्या शाळेतील मुलांना सांगितली तेव्हा एकाने विचारले की मग ते तेथे कोणत्या भाषेत बोलत असतील. हा प्रश्न वाङ्मयेतिहासकारांनी विचारला असता तर बरे झाले असते. मुलाला आम्ही खरे उत्तर दिले : ग्रंथात सर्व बोलणे मराठीत आहे. त्याने तेलुगूतून शिकलेल्या अक्षरांत ते टिपून घेतले.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांविषयी अकादमींच्या सभांतून बोलले जाते ते बहुधा जतनाच्या भाषेत : भाषा टिकवावी, ग्रंथ भेट द्यावेत, एखादे शिबिर घ्यावे. ग्रंथ भेट मिळाले तर ते कोणास नको आहेत? पण भेटीच्या त्या पेटीत नेहमी मागील वर्षाची पारितोषिकप्राप्त मराठी पुस्तके असतात. तिच्यात एक ‘कन्याशुल्कम्’, एक तेलुगू-मराठी शब्दकोश आणि पगडींचे गोंडी व्याकरण घातले, तर पैनगंगेच्या या बाजूचे मराठी अध्यापक काय करू शकतील हे तरी दिसेल. पलीकडच्या अध्यापकांना जे सहज साधणार नाही असे काही ते असेल.

नव्या वर्षाचे वाचन सुरू झाले आहे. कुमराम भीमूवरची साहू आणि अल्लम राजय्या यांची तेलुगू कादंबरी हाती आहे. तीत गोंडी शब्द आले की आम्ही पगडी उघडतो, तेलुगू शब्द अडला की शेजाऱ्यास विचारतो, आणि जोडेघाटचे डोंगर कोठल्या दिशेला, हे मात्र विचारावे लागत नाही. आज साठाव्या पानावर आहोत.